शंभर वर साठ

आता तुम्हाला वाटंल, दुष्काळाच्या सालातलं सांगून राहिला म्हणल्यावर हा पोरगा पाण्याच्या रेल्वेपासून सुरू करंल. न्हाई. रेल्वे लातूरला आली, आम्ही अहमदपूरला. आम्ही ती टीव्हीवरच बघितली, तुमच्यासारखीच.

मग पुढं तुम्हाला कळंल की गोष्टीत एका लेकराला ब्लड कॅन्सर हाय, तर एखाद्यानं लगेच रुमाल काढून मांडीवर ठेवला असंल. त्यालाबी सांगतो, घाई करू नको. ही गोष्ट कॅन्सरची कमी अन् बीपीची जास्त हाय. हाव, बीपी. सहा वर्षाच्या लेकराचं बीपी. हसलात ना? आमची गल्लीबी अशीच हसली होती. मी तर सगळ्यात जास्त हसलो. कुठं कुठं हसलो ते सांगतो, म्हंजी तुमचं हसू आपोआप थांबंल.

त्या उन्हाळ्यात मी दहावीचे पेपर देऊन मोकळा होतो. शाळेत माझी ओळख एकच, आवाज काढणारा. हेडमास्तरचा खोकला, एसटी स्टँडवरच्या लाऊडस्पीकरवाल्या कंट्रोलरचं नाकातलं 'नांदेड गाडी फलाट क्रमांक तीन', सगळं काढायचो. त्या टायमाला आमच्या भागात नवीन जिल्हा होणार, नवीन जिल्हा होणार अशी आवई उठली होती. चौकात रोज कुणीतरी माईक धरायचा. तो भाषण करून खाली उतरायच्या आत मी हॉटेलसमोर त्याचं भाषण पुन्हा करून दाखवायचो. लोकं चहा पाजायचे. एवढं कौतुक झाल्यावर कोणाचंबी डोकं फिरंल.

माझी ताई लातूरला दिलेली. भाऊजी तिथं एका ऑफिसात कारकून. त्यांचं एकच पोरगं, माझा भाचा. फेब्रुवारीत त्याला ताप यायला लागला, पिवळा पडला, मांडीवर निळे निळे डाग उठले. लातूरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् चिठ्ठी लिहून नांदेडला पाठवलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, रक्ताचा कॅन्सर हाय, पण ह्या वयातला बरा होणारा हाय, पहिला महिना लई जपावं लागंल. दोन आठवडे वॉर्डात ठेवलं. मग म्हणले, घरी न्या, दर आठवड्याला इंजेक्शनला आणा. पाणी उकळून द्या, गर्दीत नेऊ नका.

पाणी उकळायला आधी पाणी तर पाहिजे. ताईच्या खोलीतला नळ कवाचाच कोरडा पडलेला. आमच्या गल्लीतल्या बोअरला मात्र अजून थोडी धुगधुगी होती. म्हणून ताईसंगं लेकरू आजोळी आलं. माझ्याजवळ.

त्याला ज्या गोळ्या चालू होत्या त्यांनी भूक लई लागायची. सकाळी उठल्यापासून, 'मामा, काय हाय खायला?' गालं अशी फुगली की डोळे बारीक दिसायचे. मी त्याला 'पुरी' म्हणायचो. तो मला 'पापड' म्हणायचा, कारण मी वाळका. त्याच गोळ्यांनी बीपीबी वाढतं, असं नांदेडच्या वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं होतं. मीठ कमी, बीपीची एक गोळी रोज, अन् बीपी मोजायचं सकाळी आठला अन् संध्याकाळी पाचला.

ही सिस्टर म्हंजी उंच, करड्या केसाची, आवाजात कायम घाई. निघताना तिनं ताईच्या हातात एक वीतभर लांबीचा निळा पट्टा दिला.

"हा लहान लेकराचा पट्टा. मोठ्या माणसाचा पट्टा बांधला तर आकडा खोटा येतो, कमी येतो. हाच बांधायचा, अन् काम झालं की परत आणून द्यायचा. कोण मोजणार तुमच्याकडं?"

"गल्लीच्या पलीकडं दवाखाना हाय," ताई म्हणली. "तिथले कंपाउंडर अप्पा."

"मग अप्पांनीच मला फोन करायचा. घरच्या माणसाचा निरोप मला नको. घरची माणसं कायम चांगलंच सांगतात. अन् ऐका, वरचा आकडा शंभरच्या आसपास, खालचा साठच्या. एकशे दहाच्या पुढं गेला की मला कळलं पाहिजे."

सामान उचलायला मीबी गेलो होतो, तिथंच मी माझा पहिला विनोद मारला. म्हणलं, "सिस्टर, एकशे वीस-ऐंशी म्हंजी तर एक नंबर बीपी ना?"

"मोठ्यासाठी," ती म्हणली. "ह्याच्यासाठी ते वाईट. ध्यानात ठेव."

न्हाई ठेवलं. घरी आलो तर माय म्हणली, "एकशे वीस-ऐंशी? माझं एकशे साठ असतंय, मी भाकरी थापून राहिले न्हाई का? लेकराला कशाचं आलंय बीपी, काय संसाराचा घोर हाय का तेला?" गल्ली हसली. गल्लीत ज्याला त्याला बीपी होतं अन् सगळ्यांना तेवढा एकच आकडा पाठ होता, एकशे वीस-ऐंशी. तो आला की डॉक्टर पाठ थोपटतो, एवढंच आम्हाला ठाव.

अप्पा उदगीरकडचे. कपाळाला विभूती, गालात तंबाखू. दवाखान्याचे डॉक्टर आठवड्यातून दोनदाच लातूरहून यायचे, बाकीचे दिवस अप्पाच सगळं. पट्ट्यात हवा भरायचे, कानाला नळी लावायचे, अन् हवा सोडताना बारीक आवाजात 'शिवा शिवा' म्हणायचे. त्यांच्याकडं मोबाईल नव्हता. मग माझ्याच फोनवरून नांदेडला लावायचे. "होय की सिस्टर. लिहून घ्या." मग घसा खाकरायचे, मग आकडा. रोज दोन टाईम हे ऐकून ऐकून मला आठ दिवसात अप्पा असे जमले की मायनं एकदा स्वयंपाकघरातून 'या अप्पा, बसा' म्हणून चहा टाकला होता.

त्या आठ दिवसांत आकडे खरे होते. एकशे बारा, एकशे अठरा, एकदा एकशे बावीस. गोळी वाढवली, मग जरा खाली आला. पण लेकराला तो पट्टा सोसायचा न्हाई. आवळला की दंडावर लाल लाल टिपके उठायचे, दोन-दोन दिवस जायचे न्हाईत. त्याच्या रक्तातच तसं होतं. दवाखान्याची पायरी आली की माझ्या गळ्याला गच्च धरायचा. "मामा, अप्पा हात पिळून राहिला." अप्पा बिचारे त्याला रिकामी औषधाची खोकी द्यायचे, पण खोक्यांनी काय होतंय.

एका संध्याकाळी, लई ऊन होतं, त्याला काखेला मारून मी निघालो. दवाखान्याच्या अलीकडं विहार हाय, त्याच्या मागं लिंबाचं झाड. तिथं तो म्हणला, "मामा, आज पट्टा नको ना. तू अप्पा हो ना."

मी रुमाल खांद्यावर टाकला, गालात जीभ घातली, झालो अप्पा. तो सिस्टर झाला. कमरेवर हात ठेवून म्हणला, "बोला अप्पा, लवकर बोला, मला कामं हायत." मी म्हणलो, "होय की सिस्टर. लिहून घ्या." लई हसलो आम्ही. मग त्यानं माझ्या खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. "आता खऱ्या सिस्टरला."

मी लावला. मला वाटलं, वळखंल, दोन शिव्या घालंल, मग जाऊ अप्पाकडं.

"हां अप्पा, बोला."

"होय की सिस्टर. लिहून घ्या." मी खाकरलो. "शिवा शिवा. शंभर वर साठ."

"बरं. ठेवते."

एवढंच. भाचा माझ्या शर्टात तोंड खुपसून हसून राहिला होता, त्याचं सगळं अंग हलत होतं. मी त्याला खाऱ्या शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. गप राहायची लाच. मीठ बंद होतं हे मला ठाव होतं. पण दहा शेंगदाण्यांनी काय होतंय, असं म्हणलं.

ह्या आठवड्याचं इंजेक्शन नुकतंच झालं होतं, नांदेडची पुढची खेप आठवड्यानं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना सांगून टाकलं, "लेकराला लातूरला नेलं, अप्पा. आठ-दहा दिवस येणार न्हाई." अप्पांनी पट्टा नीट गुंडाळून खिळ्याला अडकवून ठेवला. घरी ताईला काहीच सांगायची गरज पडली न्हाई. आम्ही पट्टा बांधायला गेलो असंच ती समजायची. दिवसभर चुलीवर पाणी उकळून उकळून तिचं तोंड काळवंडून गेलं होतं. आम्ही परत आलो की एकच विचारायची, "किती आलं रे?"

"शंभर वर साठ," मी म्हणायचो.

ती डोळे मिटून 'बरं झालं' म्हणायची. ते बघायला मला चांगलं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू.

रोज तोच आकडा दिला तर सिस्टरला वास लागंल, म्हणून मी कधी अठ्ठ्याण्णव द्यायचो, कधी एकशे दोन. लई हुशार होतो मी. तिसऱ्या दिवशी सिस्टर फोनवर म्हणली, "अप्पा, तीन दिवस एकदम छान आलं. मी डॉक्टरांना विचारलंय. बीपीची गोळी अर्धी करा. घरी सांगाल ना?"

मी फोन बंद करायला बोट उचललं. पण अप्पांचा आवाज घशात बसलेला होता, तो आपोआप बाहेर आला. "होय की सिस्टर. अर्धी."

मी ठेवला. भाचा म्हणला, "काय म्हणली?"

"छान म्हणली."

आता इथं मी थांबू शकलो असतो. अप्पाचा दवाखाना दिसत होता तिथून. दार उघडं होतं. मी गेलो न्हाई. कारण गेलो असतो तर 'लातूरहून कवा आणलं' इथपासून सगळं उसवलं असतं. घरी जाऊन सांगितलं, गोळी अर्धी करायला सांगितली. ताईनं विळीच्या टोकानं गोळीचे दोन तुकडे केले, अर्धा तुकडा कागदात बांधून ठेवला, अन् त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः पोटभर जेवली. भाऊजीला फोन केला, "गोळी कमी केली, चांगलं होऊन राहिलं पोरगं."

त्याच आठवड्यात गल्लीतलं बोअर धापा टाकायला लागलं. मोटार चालू केली की पाणी येण्याच्या आत पाईप थरथरायचा, घर्र घर्र करायचा, मग फुस्स. बायका घागरी घेऊन बघत बसायच्या. भाच्यानं ते बोअर उचललं. मामाचाच भाचा तो. ताठ उभा राहायचा, दात आवळायचा, हात-पाय थरथरवायचा, घर्र घर्र घर्र, अन् फुस्स करून खाली बसायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "बया, सेम टू सेम बोअर!" दिवसातून दहादा करायला लावायच्या.

पाचव्या दिवशी म्हणला, "मामा, डोकं दुखून राहिलं. मागून."

"डोकं हाय म्हणून दुखतंय. नसतं तर काय दुखलं असतं?"

तो हसला न्हाई. जेवलाबी न्हाई, अन् ते पोरगं जेवत न्हाई म्हंजी काय, गोळ्या चालू झाल्यापासून तसं कवा झालंच नव्हतं. ताईला वाटलं उन्हानं. ओलं फडकं डोक्यावर ठेवलं.

संध्याकाळी लिंबाखाली मी फोन लावायच्या आधी तो माझ्याकडं टक लावून बघत होता. म्हणला, "मामा, तू धुरात का बसला?"

कुठंच धूर नव्हता. स्वच्छ ऊन होतं.

"सिगारेट ओढून राहिलो," मी म्हणलो. "मायला सांगू नको."

मग फोन लावला अन् अठ्ठ्याण्णव वर साठ सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी मी त्याला लिंबाखालीबी नेलं न्हाई. लेकरू झोपू दे म्हणलं, अन् आठला एकटाच जाऊन फोन करून आलो. शंभर वर साठ. साडेदहाच्या सुमाराला तो उठून अंगणात आला. ताई ड्रममधून पाणी पातेल्यात ओतत होती, मी उंबऱ्यावर. तो मधोमध उभा राहिला. ताठ झाला. दात आवळले. हात थरथरायला लागले, मग पाय, मग सगळंच.

मी टाळ्या वाजवल्या. म्हणलं, "वा रे पुरी! पण घर्र कुठं गेलं? घर्र काढ की!"

तो खाली पडला, पण फुस्स म्हणला न्हाई. डोळे वर गेले होते. अंग तसंच हलत होतं. मी अजून हसूनच राहिलो होतो. ताईच्या हातातलं पातेलं पडल्याचा आवाज आला, तवा माझं तोंड मिटलं.

त्याला उचलून पळालो ते अप्पाकडं. दुसरं ठिकाण सुचलंच न्हाई. ताई मागून अनवाणी. अप्पांनी त्याला टेबलावर कुशीवर घातलं, तोंड पुसलं, माझ्याच फोनवरून त्यांच्या डॉक्टरला लावून विचारलं अन् झटका थांबायचं औषध दिलं. दोन-तीन मिनिटात अंग ढिलं पडलं. लेकरू शुद्धीवर न्हाई, पण श्वास चालू. मग अप्पा वळले अन् खिळ्यावरचा निळा पट्टा काढला. बांधला. हवा भरली. ह्या खेपेला 'शिवा शिवा' म्हणले न्हाईत. पुन्हा भरली.

"एकशे सत्तर वर एकशे दहा," ते म्हणले. मग ताईकडं बघून, "लातूरहून कवा आणलं?"

"लातूर?" ताई म्हणली. "लातूरला कोण गेलं होतं अप्पा? रोज तर तुमच्याकडं येऊन राहिला."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी पट्ट्याकडं बघितलं. त्यांनी पट्टा सोडून खिशात घातला. दाराला कुलूप लावलं अन् म्हणले, "जीप बोलवा. मीबी येतो."

चौकात रस्ता रोको. नवीन जिल्हा झालाच पाहिजे. ट्रॅक्टर आडवे, घोषणा चालू, माईकवर तोच माणूस ज्याचं भाषण मी रोज काढायचो. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. अप्पा खाली उतरले, लोकांत घुसले अन् ओरडले, "जिल्हा मागा, न्हाई कोण म्हणतंय? आधी हे लेकरू जाऊ द्या की हो!" लोकांनी जीपमध्ये वाकून बघितलं. फुगलेल्या गालाचं, टकलं झालेलं पोरगं, तोंडाला फेस सुकलेला. माईकवाला गप झाला. ट्रॅक्टर मागं घेतले. जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. ताई त्याचा तळपाय चोळत होती. एकदा त्यानं डोळे उघडले, अन् म्हणला, "आई, लाईट लाव ना." भर दुपारचे साडेबारा वाजले होते.

वॉर्डात सगळे धावले. सलाईन, मशीन, पुन्हा पट्टा. तरणा डॉक्टर, चष्मेवाला, सिस्टरला म्हणला, "आधीचं बीपी काय होतं?"

तिनं रजिस्टर उघडलं. "सहा दिवस एकदम नॉर्मल, सर. काल संध्याकाळी अठ्ठ्याण्णव-साठ. आज सकाळी आठला शंभर-साठ. गोळी अर्धी केल्यावरसुद्धा नॉर्मल."

डॉक्टरनं कपाळ चोळलं. ताईला म्हणला, "हे बघा, बीपी आम्ही उतरवतोय. पण सकाळपर्यंत ते नॉर्मल होतं, म्हंजी झटका त्याच्यामुळं आला असं म्हणता येत न्हाई. झटक्यामुळंच आत्ता ते चढलं असंल. मग कारण दुसरं शोधावं लागंल. मेंदूत रक्त आलंय का, न्हाईतर हा आजारच मेंदूपर्यंत गेलाय का. तसं असंल तर चालू औषध उपयोगाचं न्हाई. पाठीतून पाणी काढावं लागंल, जास्त कडक औषधं द्यावी लागतील."

ताई भिंतीला टेकून खाली बसत गेली.

मी तिथंच उभा होतो, पाणी प्यायच्या पिंपाजवळ. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ते रजिस्टर. त्याच्यात अक्षर सिस्टरचं होतं, आकडे माझे होते, अन् डॉक्टर त्या आकड्यांवर बोट ठेवून लेकराच्या पाठीत सुई घालायचं बोलून राहिला होता.

सिस्टर अप्पांकडं वळली. "अप्पा तुम्हीच ना? खरं सांगा, लहानच पट्टा बांधत होता ना? का मोठा बांधला?"

तीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला हे विचारणं म्हंजी काय, ते मला आज कळतं. अप्पा एका वाक्यात सुटले असते. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले.

"सिस्टर," मी म्हणलो, "तो मी होतो."

"बाळ, बाजूला हो जरा."

"फोनवर मी होतो. अप्पा नव्हते."

"काय बडबडतोस? मी अप्पांशी बोललेय. रोज."

पटवायला माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं. मी खाकरलो. "होय की सिस्टर. लिहून घ्या. शिवा शिवा. शंभर वर साठ."

वॉर्डाच्या बाहेर पंधरा-वीस माणसं बसलेली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. आयुष्यात माझा एवढा हुबेहूब आवाज कवा निघाला नसंल. अन् कोणीच हसलं न्हाई.

सगळ्यात आधी डॉक्टर भानावर आला. "खरे आकडे शेवटचे कवाचे?"

"सहा दिवसांमागचे," अप्पा म्हणले, लगेच, जणू तोंडात तयारच होते. "सकाळचा. एकशे सोळा वर अठ्ठ्याहत्तर. तेबी गोळी पूर्ण चालू असताना. माझ्या वहीत हायत सगळे."

"अन् त्याच्यानंतर गोळी अर्धी," डॉक्टर म्हणला. "डोकं दुखत होतं का?"

"कालपासून," मी म्हणलो. "मागून. काल संध्याकाळी त्याला धूर दिसत होता. अन् रोज खारे शेंगदाणे खाल्ले त्यानं. मी दिले."

डॉक्टरनं मला शिवी दिली न्हाई, तोंडात मारलं न्हाई. नुसता आत पळाला. पळता पळता सिस्टरला म्हणला, "पाठीची सुई थांबवा. आधी स्कॅन. हे बीपीचंच दिसतंय."

स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या बाजूला सूज निघाली. बीपी लई चढलं की तिथं अशी सूज येते, डोळ्यावर अंधार येतो, म्हणाले. रक्त नव्हतं. आजार मेंदूत गेलेला नव्हता. बीपी हळूहळू खाली आणायला लागले, एकदम न्हाई, थेंब थेंब औषधानं. "दिसणं बहुतेक वेळा परत येतं," डॉक्टर म्हणला. बहुतेक वेळा. तो शब्द घेऊन आम्ही त्या दिवशी बसलो. भाऊजी लातूरहून आले. लेकरू जागं होतं, पण आवाजाच्या दिशेनं मान वळवायचं, माणसाकडं न्हाई. मी खाटेजवळ गेलो तर हात पुढं करून माझं नाक चाचपलं अन् म्हणला, "पापड."

मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बीपी एकशे आठवर आल्यावर, त्याच्याजवळ चमचा घेऊन बसलो होतो. तो माझ्याकडं बघत होता. मला वाटलं नुसतंच. मग म्हणला, "मामा, तुझी गुंडी तुटली. खालून दुसरी."

मी बघितलं. तुटली होती.

ताईला हाक मारली. ती आली, तिनं दोन बोटं धरली, चार धरली, त्यानं सगळी बरोबर सांगितली अन् वैतागून म्हणला, "मला भूक लागली." मग ताईनं उठून मला बाहेर नेलं अन् माझ्या कानाखाली एक ओढली. एकच. त्याच्यानंतर ती माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली न्हाई. सिस्टरनं सगळ्या वॉर्डासमोर झापलं. ते सगळं मी सोसलं, कारण ते येणारच होतं.

अप्पा राहिले होते. ते अजून परत गेले नव्हते, त्यांच्या दवाखान्याला कुलूपच होतं. संध्याकाळी नांदेडच्या दवाखान्याच्या मागं, जिथं पाण्याचा टँकर लागायचा, तिथं त्यांनी मला बोलावलं. तंबाखू थुंकून आले, चूळ भरली.

"माझा आवाज काढतोस, काढ. गाव काढतंय, मला ठाव हाय," ते म्हणले. "लेकराला पट्टा सोसत न्हाई म्हणून आणला न्हाईस, तेबी समजून घेतो. मला येऊन म्हणला असतास, मी घरी आलो असतो. रुमालावरून बांधला असता. आकडा कशाला बनवला?"

"सिस्टर विचारत होती म्हणून..."

"गप. मधी बोलू नको. फोनच केला नसतास, तर? एक दिवस फोन न्हाई आला, दोन दिवस न्हाई आला, तर त्या बाईनं काय केलं असतं? रान उठवलं असतं. तुझ्या बापाला फोन लावला असता, माझ्या डॉक्टरला लावला असता. गप बसला असतास तरी लेकरू लवकर इथं आलं असतं. तू चांगला आकडा दिलास, म्हणून ती बाई निवांत झोपली. मी निवांत झोपलो, मला वाटलं लेकरू लातूरला हाय. तुझी ताई निवांत झोपली. अन् तेच्या गोळीचे दोन तुकडे केले. सगळ्या गावाला तू निवांत झोपवलंस अन् ते एकटं जागं राहिलं डोकं धरून. कळतंय का?"

मी मान हलवली.

"मान काय हलवतोस बैलावानी? तोंडानं सांग."

"कळतंय, अप्पा."

"तुझ्या आवाजात सांग!" ते ओरडले. टँकरवाला वळून बघायला लागला. "अजून माझ्याच आवाजात बोलून राहिलास, भाड्या!"

खरंच बोलत होतो. मला कळलंच नव्हतं. मी पुन्हा म्हणलो. घशातून कायतरी बारीक, फाटकं निघालं.

"हां," ते म्हणले. "रोज आठला अन् पाचला यायचं. ती सिस्टर तुझा फोन उचलणार न्हाई, मला तिच्यासाठी ह्या वयात मोबाईल घ्यावा लागून राहिला, तो कसा चालवतात ते तू शिकवायचं. एक दिवस चुकलास तर तुझ्या दारात येऊन चपलेनं मारीन, तुझ्या माईसमोर. अन् आता तोंड धू. लेकरासमोर असलं तोंड घेऊन जाऊ नको. ते तुला बघून रडंल, अन् रडलं की तेचं बीपी चढतंय, गाढवा."